टायगर मॉथच्या बारा तारा आणि नागदेवी स्ट्रीटवरचं एक दुकान

दुकानाला पाचपैकी चार, तारेला पाच, आणि ती तार मी पहिल्या दिवशी जशी बांधली त्या कामाला दोन. ज्यांना एवढंच हवं होतं त्यांनी इथून पुढे नाही वाचलं तरी चालेल.

माझ्याकडे टायगर मॉथ आहे, म्हणजे त्या नावाच्या जुन्या दुपंखी विमानाचं रिमोटवर उडणारं मॉडेल. पाव मापाचा. खऱ्या विमानाचा पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत ८.९४ मीटर, माझ्याचा २ मीटर २३ सेंटिमीटर. नाकात २६ सीसीचं पेट्रोल इंजिन, वजन ९ किलो ४०० ग्रॅम. आठ वर्षांपूर्वी एका गृहस्थांकडून घेतला. ते बेंगळुरूला चालले होते आणि तिथल्या अकराव्या मजल्याच्या लिफ्टमध्ये वरचा पंख मावत नव्हता. माझं घर तळमजल्यावर, शिवाय मी एसटीच्या दापोडी वर्कशॉपमध्ये ३१ वर्षं काढलेली, त्यामुळे मोठी वस्तू घरात आली की बायको फक्त "तेल गळतं का?" एवढंच विचारते.

दुपंखी विमान ज्यांनी जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं. टायगर मॉथचे दोन पंख एकावर एक, मध्ये उभे खांब, आणि त्या चौकटीत तिरक्या तारा. खालून, पोटाजवळून वर खांबाच्या माथ्याला जाणाऱ्या त्या फ्लाइंग वायर. विमान हवेत असताना पंख वर ओढले जातात, त्यांना या धरून ठेवतात. वरून, मधल्या पेट्रोलच्या टाकीजवळून खाली खांबाच्या पायाला येणाऱ्या त्या लँडिंग वायर. विमान जमिनीवर टेकलं की पंखांचं वजन त्यांच्यावर. म्हणजे एक जोडी कामावर असते तेव्हा दुसरी आराम करते, एसटीच्या दोन ड्रायव्हरांसारखं. शिवाय पुढच्या आणि मागच्या खांबांमध्ये फुलीच्या तारा असतात, पंख पिळू नये म्हणून. माझ्या मॉडेलवर या सगळ्या मिळून बारा. छोट्या मॉडेलांवर बऱ्याचदा नुसतं इलॅस्टिक लावतात, दिसायला. पाव मापात ते चालत नाही. इथे तार गेली की पंख गेला.

मागच्या ऑक्टोबरात, पावसाळ्यानंतरच्या पहिल्या साफसफाईत, मी जुन्या बनियनचा तुकडा घेऊन तारा पुसत होतो. ही सवय वर्कशॉपातली. क्लचची केबल असो की हँडब्रेकची, डोळ्याने बघू नका, फडक्याने पुसा. तुटलेली तार डोळ्याला दिसत नाही, पण फडकं पकडते. डाव्या बाजूच्या मागच्या फ्लाइंग वायरवर, अगदी खालच्या टोकाशी, बनियन अडकलं. टोकाशी तार दाबून धरणारी ॲल्युमिनियमची नळी कापून उघडली तर आत पांढरी भुकटी आणि तपकिरी पाणी. तारांचे निम्मे धागे नुसते हाताने मोडले. मार्चमध्ये याच तारेच्या भरवशावर मी हवेत लूप, म्हणजे उभ्या गोल गिरक्या, मारले होते, हे आठवून त्या रात्री चहा घेतल्यावरही झोप लागली नाही असं बायको म्हणते. चहा घेतल्यामुळेच लागली नसेल.

ती तार चार वर्षांपूर्वी मीच बदललेली होती, एका ऑनलाइन दुकानातून मागवून. नाव घेत नाही. पाकिटावर स्टेनलेस लिहिलं होतं. तक्रार केली तर उत्तर आलं की परत करण्याची मुदत संपली आहे. ते खरंच होतं म्हणा.

आता नवी तार कुठली? डोक्यात पहिली आली ती अर्थातच ब्रेकची. सायकलच्या ब्रेकची आतली तार, दीड मिलिमीटर, कुठेही मिळते. एक लावून बघितली. मजबूत आहे, प्रश्नच नाही, पण ती स्प्रिंगसारखी ताठ. टोकाला वळवून घट्ट लूप करायला गेलं की उसळते. वजन जास्त आणि झिंक उडालं की गंजते. दुसरा प्रयोग मासेमारीच्या गळाची तार, वरून नायलॉन चढवलेली. अलिबागच्या एका मित्राने आणून दिली. कापायला, बांधायला फार सोपी, लहान मॉडेलला मी डोळे मिटून हीच सांगेन. पण नळी दाबली की ती नायलॉनवर बसते, स्टीलवर नाही. ताण लावून दोन दुपारी उन्हात ठेवली आणि नायलॉन हळूहळू सरकलं, तार तीन मिलिमीटर बाहेर. शिवाय वरच्या आवरणाखाली गंज चढला तर बनियनला कळणार नाही. एकाने केव्हलरचा दोरा सुचवला. उन्हात तो दोरा कमकुवत होत जातो आणि माझं विमान उन्हातच असतं. विषय संपला.

मग एका शनिवारी डेक्कन क्वीन पकडली.

सीएसएमटीहून क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूने चालत नागदेवी स्ट्रीटला जायला फार वेळ लागत नाही, हातगाड्यांनी वाट दिली तर. ज्यांनी ही गल्ली पाहिलेली नाही त्यांनी एकदा काही घ्यायचं नसलं तरी जावं. चेन, पुली, बेअरिंग, पट्टे, ग्रीसगन, जहाजाचे हूक, गिरणीचे सुटे भाग, सगळं दुकानाच्या दारात टांगलेलं आणि त्याच्या मागे अंधारात एखादा शेठ कॅल्क्युलेटर घेऊन. मी पहिल्या दोन दुकानांत १.५ मिलिमीटर म्हटलं, तर एकाने मान हलवली आणि दुसऱ्याने विचारलं, "फोटो टांगायचा आहे का?" क्रेनच्या दोऱ्या विकणाऱ्यांना माझं गिऱ्हाईक म्हणजे जत्रेत सुई मागणाऱ्यासारखं.

तिसरं दुकान हे. दहा फूट रुंद, आत खोल. शेठ बोहरी, पांढरी सोनेरी टोपी, फोनवर. "मीटर में नहीं देते, पूरा कॉइल लो," फोन न सोडता. मी जुना तुटका तुकडा खिशातून काढून काउंटरवर ठेवला. एवढ्यात मागून एक गृहस्थ आले, त्यांना सगळे काका म्हणत होते. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहानच असावेत, पण मीही काकाच म्हटलं. राजापूरकडचे. त्यांनी तुकडा उचलला, नखाने टोक उकललं आणि विचारलं, "साहेब, टांगणार काय याला?"

या एका प्रश्नासाठी मी या दुकानाला चार तारे देतोय. ऑनलाइनवाल्याने तो विचारला नव्हता.

मी सांगितलं. त्यांना विमान कळलं, पण किती भार ते हवं होतं. काउंटरवरच्या बिलाच्या मागे मी हिशोब मांडला. विमान साडेनऊ किलो, लूपमधून बाहेर येताना तिप्पट भार धरू, म्हणजे अठ्ठावीस. एका बाजूला चौदा. त्यातला निम्मा वरच्या पंखाचा, सात. पण माझी तार उभी नाही, आडवी पडलेली आहे, जेमतेम २६ अंश. अशा तिरक्या तारेला एक किलोची उभी ओढ पेलायला सव्वादोन किलो ताणावं लागतं. म्हणजे सात किलोचे पंधरा-सोळा झाले, पुढच्या-मागच्या दोन तारांत वाटून प्रत्येकी आठ. पुढचीवर जरा जास्तच, कारण विमान ओढून वर घेताना उचलीचा जोर पंखाच्या पुढच्या कडेकडे सरकतो.

मी १.५ मिलिमीटर मागायला आलो होतो. मोठं ते बरं, असा साधा हिशोब. काकांनी भिंतीवरच्या मळक्या तक्त्यावर बोट ठेवलं. ०.८ ची तुटण्याची ओढ पस्तीस किलोंच्या वर. "दीडची घेतलीत तर तुमचं लाकूड आधी तुटेल, तार नाही. आणि वळणार कशी ती?" असं म्हणून त्यांनी महाग माल ठेवून स्वस्त माल काढला. शेठ अजून फोनवरच होता, म्हणून बरं.

तार म्हणजे ३१६ ग्रेडची, गंजाला सहसा दाद न देणारी स्टेनलेस, सात गुणिले सात. सात पेड आणि दर पेडात सात धागे, म्हणजे ०.८ मिलिमीटरच्या जाडीत ४९ तारा. हातात घेतली की रेशमी गोफासारखी लवते. बोटाभोवती वळवा, सोडा, परत सरळ. मी खिशातलं चुंबक काढलं, तर काका हसले. म्हणाले, साधी ३०४ ग्रेडची स्टेनलेस असली तरी ओढून तार केली की थोडी चिकटतेच, चुंबकावरून काय ठरवता. घरी जाऊन मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवा. ठेवली. स्टीलच्या पेल्यात, जुन्या तारेचा तुकडा आणि नवा शेजारी-शेजारी, आठ दिवस. जुन्याने चौथ्या दिवशी पाणी चहासारखं केलं. नवा आजही तसाच आहे, तो मी दाखवायला ठेवलाय आणि घरी कोणी आलं की दाखवतो. लोक दुसऱ्यांदा येत नाहीत.

नळ्यांवरून आमचं थोडं वाजलं. मला ॲल्युमिनियमच्या हव्या होत्या, हलक्या म्हणून. काकांनी द्यायला नकार दिला. स्टेनलेसवर ॲल्युमिनियम आणि वर दमट हवा, म्हणजे दोन वेगळे धातू आणि मध्ये पाणी, बॅटरीच झाली. त्यात ॲल्युमिनियम खलास होतं. माझ्या उघडलेल्या नळीतली पांढरी भुकटी ती हीच. मी ३१ वर्षं वर्कशॉपात काढून हे मला राजापूरच्या माणसाने सांगावं! तांब्याच्या घेतल्या, लंबगोल, दोन भोकांच्या.

दुकानाचा एक तारा का कापला तेही सांगतो. बारीक टर्नबकल, म्हणजे तार ताणायचे आट्यांचे जोड, त्यांच्याकडे नाहीत, सगळ्यात लहान होता तोही माझ्या विमानाच्या चाकाएवढा दिसत होता. मीटर मोजायची पट्टी काउंटरला ठोकलेली आहे आणि तिचं सुरुवातीचं टोक झिजलेलं आहे. माझे बारा मीटर घरी अकरा मीटर ऐंशी भरले. आणि पक्का बिल मागितलं तर शेठने पहिल्यांदा फोन खाली ठेवून माझ्याकडे बघितलं. दिलं, पण बघितलं.

नावाबद्दल. निघताना मी म्हटलं, मी याबद्दल लिहिणार आहे. शेठ म्हणाला, माल के बारे में लिखो, दुकान का नाम मत लिखो, नहीं तो सब मीटर-मीटरवाले आ जाएंगे और ये आदमी दिनभर काटता बैठेगा. काकांनी मान हलवली. शब्द दिलाय, म्हणून नाव नाही. पण जुना तुकडा सोबत न्या, भार किती ते लिहून न्या, आणि ज्या दुकानात तुम्हाला उलटा प्रश्न विचारतील तिथे थांबा. गल्ली फार मोठी नाही.

तार ३० रुपये मीटर, म्हणजे ३६० रुपये. पन्नास नळ्या १५०. नळ्या दाबायची पक्कड ११५०. ती पक्कड ऐकून मी घरी असलेल्या, वायरमनच्या पकडीवर काम भागवायचं ठरवलं. ती चूक, आणि वरचे दोन गुण तिचे आहेत. वायरमनची पक्कड नळीला एका बाजूने टोचते. त्या टोचण्याखाली आतले बारीक धागे चिरडतात आणि बाकीचे मोकळेच राहतात. पहिली चार टोकं तशी केली, दिसायला छान. २० लिटरचा पाण्याचा जार टांगला, दोन टोकं तासाभरात सरकली, एक तिथल्या तिथे कापलं गेलं. जार बाल्कनीत फुटला. पुढच्या शनिवारी परत डेक्कन क्वीन, परत नागदेवी, परत काका. "घेऊन जाल म्हणून बाजूला ठेवली होती," असं म्हणून त्यांनी तीच पक्कड काढली. हा माणूस पगारी नोकर आहे यावर माझा विश्वास नाही.

योग्य पकडीचं तोंड लंबगोल असतं, ती नळीला चहूबाजूंनी सारखी आवळते. एका नळीवर तीन दाब. तार नळीतून घालायची, टोकाच्या कडीतून फिरवायची, परत नळीत. कडीतून दोनदा फिरवली तर घर्षण वाढतं आणि कडीच्या काठावर तार कमी घासते, मी सगळीकडे दोनदाच फिरवली. शेपूट नळीच्या बरोबरीने कापू नका, दोन-तीन मिलिमीटर बाहेर राहू द्या. त्या शेपटाला मी नेलपॉलिशचा ठिपका लावलाय, लाल. तार सरकली तर ठिपका आत जाणार, लांबूनही दिसतं. नेलपॉलिश सुनेचं, विचारून घेतलं. आणि कापताना तार फिस्कटते, सगळे ४९ धागे झाडूसारखे पसरतात आणि मग नळीत जात नाहीत. कापायच्या जागी फेविक्विकचा एक थेंब, वाळू द्या, मग कापा. थेंब टोकालाच. आत मुरला तर तार तिथे कडक होते आणि कडक झालेल्या जागेच्या काठावरच पुढे मोडते. हाच दोष डाग देण्यातही आहे. काहीजण टोकं सोल्डर करतात. स्टेनलेसला सोल्डर धरायला आम्ल लावावं लागतं, ते धाग्यांच्या मध्ये राहतं आणि आतून खातं. मी करत नाही.

नव्या पकडीची चोवीसच्या चोवीस टोकं मी जारला लावली. नवा जार, बाल्कनीत नाही, मागच्या अंगणात. प्रत्येक तार एक रात्र, वीस किलो. एकही ठिपका हलला नाही.

टर्नबकलचा प्रश्न भोसरीत सुटला. तार ताणायला एका बाजूला उजवे आटे आणि दुसऱ्या बाजूला डावे लागतात, मग मधला नट फिरवला की दोन्ही टोकं एकदम आत येतात. डाव्या आट्यांचा एवढा बारीक टॅप कोणाकडेच नव्हता. लेथवाला, माझ्या वर्कशॉपमधल्या एका सहकाऱ्याचा मुलगा, म्हणाला, काका, एकच बाजू ठेवा. म्हणून माझ्याकडे आता पितळेचे बारा तुकडे आहेत, दोन मिलिमीटरच्या आट्यांचे, एका टोकाला फोर्क आणि मागे लॉकनट. तार ताणायची तर फोर्कची पिन काढा, अर्धा फेरा फिरवा, परत अडकवा. कंटाळवाणं आहे, पण सुटत नाही. ऐंशी रुपये एक, ९६० झाले. म्हणजे तार ३६० आणि तिची टोकं, नळ्या, पक्कड, फोर्क मिळून २२६०. फुटलेला जार वेगळा. जो कोणी मला आता तारेचा भाव विचारतो त्याला मी टोकांचा भाव सांगतो.

थोडं विषयांतर. खऱ्या टायगर मॉथवर अशी दोरी नसतेच. तिथे पोलादाची अख्खी सळई असते, लाटून चपटी केलेली, कापलं तर डोळ्याच्या आकाराची, दोन्ही टोकांना आटे. इंग्लंडच्या फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट फॅक्टरीवरून तिला रॅफवायर म्हणतात आणि स्कॉटलंडच्या मसलबरा गावातल्या ब्रंटन्सच्या कारखान्याचं नाव तिच्याशी कायमचं जोडलं गेलंय. कारण साधं आहे, गोल तार हवेला फार अडवते, त्याच जाडीची चपटी तार कितीतरी कमी. माझ्या मॉडेलला ही तशीच चपटी तार लावली तर दिसायला सुंदर होईल. परदेशात बारीक चपट्या पट्ट्या मिळतात, भाव बघून मी फोन बंद केला. दहा फुटांवरून गोल दोरीही चपटी दिसते, विशेषतः चष्मा काढला की.

आता जोडणी. क्रम चुकला तर चांगली तारही वाईट. आधी सगळ्या तारा ढिल्या. पंखांचा कोन दोन्ही बाजूंना मापून सारखा केला. मग लँडिंग वायर ओढल्या, त्यांनी पंखांची टोकं किती वर उचललेली राहणार ते ठरतं. मग खांबांमधल्या फुल्या. फ्लाइंग वायर सगळ्यात शेवटी आणि बेताने. तार ताणायची म्हणजे किती, हा खरा प्रश्न. जास्त ताणली तर पंखच वाकतो. ढिली राहिली तर हवेत एका पंखाला आधार आधी मिळतो, दुसऱ्याला उशिरा, आणि विमान वाकडं जातं. मोठ्या विमानांना ताण मोजायचं यंत्र असतं. माझ्याकडे आई आहे.

आई ८४ वर्षांची, भजनी मंडळात पन्नास वर्षं पेटी वाजवली. मी ओट्यावर विमान ठेवून डावी-उजवी तार टिचकीने छेडत होतो, फोनवर सूर ओळखायचं ॲप लावून. इतका खालचा सूर फोनला ऐकूच जात नाही, काटा वेड्यासारखा फिरत होता. ती आतून म्हणाली, "डावी उतरलीय रे." मी विचारलं, तुला कसं कळलं. "तंबोरा लावतोस ना? डावी उतरलीय." पंखावरचं कापड ढोलकीसारखं ताणलेलं, त्यामुळे तारेचा आवाज त्यात घुमतो, अख्ख्या विमानाचा तंबोरा होतो. दोन्ही तारा एकाच मालाच्या आणि लांबीला सारख्या असल्या तर सूर सारखा म्हणजे ताण सारखा, यात भाबडेपणा काही नाही, सरळ पदार्थविज्ञान आहे. तेव्हापासून आई पाटावर बसते, मी छेडतो, ती "चढव", "बास", "उतर" सांगते. फक्त लँडिंग वायर आणि फ्लाइंग वायर एकमेकींशी जुळवायच्या नसतात, हे तिला अजून पटलेलं नाही. तिला जोडी लागली की पंचम हवा असतो.

नोव्हेंबर ते मार्च माळावर २३ उड्डाणं झाली. काकांनी सांगितलं होतं, नवी दोरी आधी दोन दिवस वजन लावून टांगून ठेवा, पेड एकमेकांत बसू द्या, नाहीतर नंतर लांबते. मी टोकं तपासायला एक-एक रात्र टांगल्याच होत्या, पण खांबांमधल्या चार फुल्यांना कंटाळा करून तासाभरातच उतरवलं होतं. (वर "प्रत्येक तार एक रात्र" लिहिलंय, ते आईने वाचून दाखवायला सांगितलं तेव्हा बायकोने दुरुस्त केलं. आठ तारा एक रात्र, चार तारा एक तास.) तिसऱ्या उड्डाणानंतर नेमक्या त्याच चार ढिल्या. आठ मोठ्या जशाच्या तशा. पुन्हा ताणल्या, त्यानंतर शांत.

दुसरी गोष्ट थरथरीची. इंजिन निम्म्या वेगावर असलं की तारा धूसर दिसायला लागतात, गुणगुणतात. फ्लाइंग आणि लँडिंग वायर जिथे एकमेकींना छेदतात तिथे त्या घासतात. जुन्या मेगाहर्ट्‌झवाल्या रेडिओच्या काळात अशा धातूवर धातू घासण्याने रिसीव्हर बिथरायचा, सर्व्हो, म्हणजे विमानाचे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटारी, उगाच नाचायचे. आता २.४ गिगाहर्ट्‌झवर तो त्रास फारसा नाही, पण घासलेली तार घासलेलीच. खऱ्या विमानावर तिथे छोटा ठोकळा बसवतात. मी बांबूची बोटभर काडी घेतली, दोन बाजूंना खाच पाडली, दोऱ्याने बांधली आणि वर वॉर्निश. गुणगुण थांबली. आईला ते आवडलं नाही.

सकाळी सातला लावलेला सूर दुपारी एकला उतरलेला असतो. उन्हात पोलाद वाढतं, लाकूड तेवढं वाढत नाही. म्हणून घरची जुळणी अंदाजापुरती, खरी जुळणी माळावर, विमान अर्धा तास उन्हात ठेवून. तिथे आई नसते. मी माझ्या कानाने लावतो आणि मित्र म्हणतात विमान थोडं उजवीकडे ओढतं.

एप्रिलमध्ये बनियन परत फिरवलं, बारा तारा, चोवीस टोकं. कुठेही अडकलं नाही. लाल ठिपके जागच्या जागी. एक नळी मुद्दाम कापून उघडली, सगळ्यात जास्त भार घेणाऱ्या पुढच्या डाव्या फ्लाइंग वायरची, म्हणजे ती तार आता नव्याने करावी लागणार. आत स्वच्छ, धागे चमकत होते. कापून ठेवल्यावर लक्षात आलं की शिल्लक तार जेमतेम साठ सेंटिमीटर आहे आणि लागते पाऊण मीटरच्या वर. झिजलेल्या पट्टीचे ते वीस सेंटिमीटर असते तर आत्ता काम भागलं असतं. शनिवारी नागदेवीला जातोय. या वेळी मोजायची टेप माझी.